पुस्तकांतील एलायझा आणि पडद्यावरील एलायझा

इ. स. १९१४ च्या एप्रिलच्या ११ तारखेस लंडन येथील ‘हिज् मॅजेस्टीज्’ नाट्यगृहांत बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचा पहिला इंग्रजी प्रयोग झाला. त्याच्या अगोदर, १९१३ च्या ऑक्टोबरांत, तें व्हिएन्ना येथें जर्मन भाषांतराच्या रूपानें रंगभूमीवर आलें होतें. लंडनच्या त्या नाट्यगृहाचे चालक सर हर्बर्ट बीरबोम ट्री हे स्वतःच नायकाची, म्हणजे ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री हिगिन्सची, भूमिका करीत. आणि फुलें विकणाऱ्या एलायझा डूलिट्ल या पोरीचें काम मिसेस पॅट्रिक कॅम्बेल या विख्यात नटीकडे होतें. पोरीचें वय नाटकांत अठरा-वीस, नटीचें एकोणपन्नास; पण प्रेक्षकांनीं तें मनावर घेतलें नाहीं. नाटक गाजलें. पुढें शंभराव्या प्रयोगास शॉ नाट्यगृहांत येऊन बसले, आणि पाहतात तों काय, नाटक संपतां संपतां हिगिन्सनें एलायझाच्या दिशेनें फुलांचा एक गुच्छ फेकला!

लेखकाच्या संहितेंतला एकही शब्द बदललेला नव्हता. पण त्या एका गुच्छानें तीन तासांच्या नाटकाचा अर्थ फिरविला होता. निघून जाणाऱ्या मुलीला थांबवूं न शकणारा हट्टी पंडित तेथें उरला नाहीं; त्याच्या जागीं एक प्रणयी पुरुष उभा राहिला. या शेवटानें गल्ला भरतो, तेव्हां लेखकानें उपकारच मानावेत, असें ट्री यांचें म्हणणें; असा शेवट करणाऱ्याला गोळी घातली पाहिजे, असें शॉ यांचें उत्तर. हा तंटा नट व नाटककार यांच्यामधला एक विनोदी प्रसंग म्हणून पुष्कळदां सांगितला जातो. वस्तुतः तो तेथें मिटला नाहीं. पुढचीं पंचवीस वर्षें तो आधीं छापखान्यांत आणि मग चित्रपटाच्या स्टुडिओंत चालू राहिला. आणि नाटक वाचणें व त्याचा चित्रपट पाहणें या दोन क्रियांमध्यें नेमकें अंतर कोठें पडतें, हें ज्याला पाहावयाचें असेल त्याला याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

कथानक थोडक्यांत असें. पावसाच्या रात्रीं कॉव्हेंट गार्डनमधील एका चर्चच्या देवडींत आडोशाला उभ्या असलेल्या लोकांचे उच्चार हिगिन्स टिपून घेत असतो. माणूस तोंड उघडतांच तो कोणत्या गल्लींत वाढला हें त्याला सांगतां येतें. एलायझाची बोली ऐकून तो तेथेंच फुशारकी मारतो कीं, या मुलीला कांहीं महिन्यांत सरदारीण म्हणून वकिलातीच्या मेजवानीला नेऊन दाखवीन. दुसऱ्या दिवशीं ती शिकवणीचे पैसे मुठींत घेऊन त्याच्या दारीं येते. कर्नल पिकरिंग खर्च उचलतो, पैज लागते, पैज जिंकली जाते; आणि जिंकल्यावर दोघेही पुरुष तिला विसरतात. आतां माझें काय होणार, हा तिचा प्रश्न त्यांच्यापैकीं कोणाच्याही ध्यानांत आलेला नसतो. पूर्वीं ती फुलें विकून पोट भरीत असे. आतां ‘सुसंस्कृत’ झाल्यावर विकण्याजोगें तिच्यापाशीं लग्नाशिवाय कांहीं उरलेलें नाहीं, हें त्या दोन विद्वानांना तिलाच समजावून द्यावें लागतें. शेवटीं ती हिगिन्सच्या तोंडावर त्याच्यापासून स्वतंत्र होऊन निघून जाते.

नाटकाचें नांव एका प्राचीन कथेवरून घेतलेलें आहे. रोमन कवि ओव्हिड यानें सांगितलेल्या त्या कथेंत पिग्मॅलियन नांवाचा शिल्पकार आपणच घडविलेल्या मूर्तीवर लुब्ध होतो, देवता तिला सजीव करते आणि तो तिच्याशीं विवाह करतो. नांव हें, आणि त्यावर पुन्हां ‘रोमान्स’ असें उपनांव! वाचकाची अपेक्षा चाळवण्याची सगळी तयारी शॉ यांनींच करून ठेवली होती, ही गोष्ट त्यांच्या कैवाऱ्यांनाही नाकारतां येणार नाहीं. ट्री यांनीं फेकलेला गुच्छ अगदींच आकाशांतून पडलेला नव्हता.

या गुच्छाला शॉ यांनीं उत्तर दिलें तें छापील पुस्तकानें. त्यांच्या बाबतींत पुस्तक ही प्रयोगामागून येणारी दुय्यम वस्तु कधींच नव्हती. त्यांचीं आरंभींचीं नाटकें रंगभूमीला झेपत नव्हतीं; ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ हें १८९३ सालीं लिहिलेलें नाटक तर सरकारी नियंत्रकाच्या बंदीमुळें इंग्लंडांत १९२५ पर्यंत जाहीरपणें होऊं शकलें नाहीं. तेव्हां १८९८ सालीं शॉ यांनीं आपलीं सात नाटकें दोन खंडांत छापून सरळ वाचकांच्या हातीं दिलीं. त्या काळीं छापील नाटक म्हणजे ‘उजवीकडून प्रवेश’, ‘डावीकडे जातो’ असल्या नटांच्या खुणांचें रुक्ष टिपण असे. शॉ यांनीं त्या खुणा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागीं कादंबरीकाराला शोभेल अशीं वर्णनें घातलीं. खोलींतल्या भिंतीवर कोणतीं चित्रें आहेत, पात्रांचे मनांतले हेतु काय, सारें तेथें सांपडतें. शिवाय लांबच लांब प्रस्तावना. नाटक वाचणाऱ्याला प्रेक्षकापेक्षां अधिक कळावें, अशी ही योजना होती.

‘पिग्मॅलियन’ १९१६ सालीं पुस्तकरूपानें निघालें तेव्हां शॉ यांनीं त्याला केवळ प्रस्तावना जोडली नाहीं. शेवटीं एक गद्य उपसंहारही जोडला. पडदा पडल्यानंतर काय झालें तें त्यांत सविस्तर सांगितलें आहे. एलायझा हिगिन्सशीं नव्हे, तर तिच्यावर भाळलेल्या, स्वभावानें गोड पण कर्तृत्वानें शून्य अशा फ्रेडीशीं लग्न करते. कर्नल पिकरिंगच्या पैशानें दोघें फुलांचें दुकान काढतात. दुकान चालत नाहीं, हिशेब जमत नाहीं. मग बिचारीं संध्याकाळच्या वर्गांत जाऊन जमाखर्च शिकूं पाहतात. फुलांच्या जोडीला भाजीपाला ठेवल्यावर हळूहळू बस्तान बसतें. ज्यानें घडविलें त्याच्यावर घडलेल्या मूर्तीचें प्रेम पुरतेपणीं बसत नाहीं, कारण तें नातें फारच देवासारखें असतें, असा शॉ यांचा या ठिकाणचा अभिप्राय आहे. हा उपसंहार कोणत्याही नटाला बोलून दाखवितां येत नाहीं. तो फक्त वाचकासाठीं आहे. रंगभूमीवर ट्री यांना जें करतां आलें तें कागदावर कोणालाही करतां येऊं नये, म्हणून लेखकानें घातलेलें तें कुंपण होतें.

कुंपण भक्कम होतें; पण पुस्तकाच्या मर्यादेचाही येथेंच विचार केला पाहिजे. हें नाटक मुळांत आवाजाविषयीं आहे, आणि आवाज ही एकच गोष्ट पुस्तक देऊं शकत नाहीं. पहिल्या अंकांत एलायझाच्या तोंडचीं पहिलीं एकदोन वाक्यें शॉ यांनीं तिच्या उच्चाराप्रमाणें लिहून पाहिलीं, आणि लगेच कंसांत वाचकांची माफी मागून तो नाद सोडून दिला. कारण लंडनबाहेर तें कोणाला समजलेंच नसतें. तेथून पुढें तिची बोली बहुतांशीं नेहमींच्या इंग्रजी अक्षरांत उमटते, आणि वाचकानें ती मनांतल्या मनांत वांकडी करून ऐकावी अशी अपेक्षा असते. इंग्रजी लिपीच्या या दुबळेपणाचा शॉ यांना जन्मभर राग होता. ब्रिटिश रेडिओनें निवेदकांचे उच्चार ठरविण्यासाठीं जी समिति नेमली होती तिचे ते सभासद होते आणि १९३० सालीं तिचे अध्यक्ष झाले. मरणसमयीं तर त्यांनीं नव्या लिपीसाठीं मृत्युपत्रांत तरतूद करून ठेवली, आणि १९६२ सालीं त्यांचें ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’ हें नाटक त्या नव्या लिपींत छापूनही निघालें.

मराठी वाचकाला ही अडचण निराळ्या रीतीनें दिसते. ‘पाणी’ म्हणणारा आणि ‘पानी’ म्हणणारा यांच्यामधली भिंत देवनागरींत एका अक्षरानें उभी करतां येते. पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं ‘ती फुलराणी’ या नांवानें ‘पिग्मॅलियन’ मराठींत आणलें, तेव्हां त्यांनीं लंडनच्या बोलीचें भाषांतर केलें नाहीं; ती फुलवाली मराठी मुलखांतलीच केली. तिची बोली छापील पानावर शेवटपर्यंत टिकवून धरणें त्यांना शक्य झालें, याचें श्रेय त्यांच्या कानाला जितकें, तितकेंच थोडेंसें लिपीलाही आहे. अर्थात् चहांतला ‘च’ आणि चमच्यांतला ‘च’ देवनागरीही वेगळे दाखवीत नाहीं. आणि स्वराचे हेलकावे तर कोणत्याच लिपींत पकडतां येत नाहींत. भक्ति बर्वे यांनीं रंगभूमीवर मंजुळेला जो आवाज दिला तो ऐकलेल्या माणसाला नंतर पुस्तक वाचतांना तोच ऐकूं येतो, आणि तो न ऐकलेल्याला निराळाच कोणता तरी.

ध्वनीचें हें नाटक बोलपटाकडे जाणें म्हणूनच स्वाभाविक होतें. जर्मनींत १९३५ सालीं आणि हॉलंडांत १९३७ सालीं त्याचे चित्रपट निघाले. शॉ यांना ते मुळींच रुचले नाहींत. इंग्रजी चित्रपटाची परवानगी मात्र त्यांनीं गेब्रिएल पास्कल या जवळजवळ कफल्लक हंगेरियन निर्मात्याला दिली. मोठमोठ्या धनिक कंपन्यांना नकार देणारा हा वृद्ध लेखक त्या बोलघेवड्या माणसावर का विश्वासला, याचें आश्चर्य त्या वेळीं पुष्कळांना वाटलें. दिग्दर्शन अँथनी ॲस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांनीं मिळून केलें. हॉवर्ड हेच हिगिन्स झाले आणि वेंडी हिलर ही तरुण नटी एलायझा झाली. वेंडी हिलरची निवड शॉ यांच्या पसंतीची होती. हिगिन्ससाठीं त्यांना चार्ल्स लॉटन हवे होते. हॉवर्ड फार देखणे. लोकांना त्यांचें नि एलायझाचें लग्न व्हावेंसें वाटणार, ही शॉ यांची भीति. ती खरी ठरली.

चित्रपटानें नाटकाला काय दिलें हें आधीं प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. नाटकाच्या मूळ संहितेंत शिकवणी दिसत नाहीं आणि पैज जिकली जाते तो समारंभही दिसत नाहीं. दुसऱ्या अंकांत मुलगी शिकण्यासाठीं येते, तिसऱ्यांत अर्धीमुर्धी शिकलेली ती हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यांत पाहुण्यांची त्रेधा उडविते, आणि चवथ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हां मध्यरात्र झालेली असून सारें संपलेलें असतें. वाचकाला ही रिकामी जागा स्वतः भरावी लागते. पुष्कळ वाचक ती भरीत नाहींत, हेंही खरें. ते पान उलटून पुढें जातात. चित्रपटासाठीं शॉ यांनीं नवे प्रवेश लिहिले. वकिलातींतल्या नृत्यसमारंभांत हिगिन्सचाच एक जुना शिष्य एलायझाचें भाषण ऐकून निर्वाळा देतो कीं, ही इंग्रज नाहींच. इतकें निर्दोष इंग्रजी परकीयच बोलूं शकतो, तेव्हां ही कोणी तरी हंगेरियन राजकन्या असली पाहिजे! शिकवणीचीं दृश्यें, तोंडांत गोट्या भरून बोलणें, स्पेनमधल्या पावसावरचें तें प्रसिद्ध उच्चाराचें वाक्य, हें सर्व चित्रपटाचें आहे. मूळ नाटकांत तें वाक्य शोधणाऱ्याची निराशाच होते.

चवथ्या अंकांतही कॅमेऱ्यानें एक गोष्ट अशी केली आहे कीं जी वाचतांना सहसा होत नाहीं. समारंभाहून परतल्यावर हिगिन्स व पिकरिंग आपल्याच विजयाच्या आणि कंटाळ्याच्या गप्पा मारीत बसतात. एलायझा बोलत नाहीं. ती आंत जाऊन हिगिन्सच्या सपाता आणते, त्याच्या पुढ्यांत ठेवते, आणि तो त्या आपोआप तेथें आल्यासारखा बघतो. पुस्तकांत न बोलणारें पात्र वाचकाच्या नजरेआड होतें. दोन ओळींची रंगसूचना डोळ्यांखालून जाते आणि संभाषण पुढें सरकतें. तिला विसरण्याचा जो अपराध ते दोघे पुरुष करतात तोच अपराध वाचकाच्या हातून नकळत घडतो. पडद्यावर मात्र वेंडी हिलरचा चेहरा समोर असतो. थोड्या वेळानें त्याच सपाता ती हिगिन्सला फेकून मारते तेव्हां वाचक दचकतो, प्रेक्षक दचकत नाहीं. यांत वाचकाचें नुकसान झालें असें मात्र सरसकट म्हणतां येणार नाहीं. दचकल्यावर तो मागचें पान पुन्हां उघडतो, ती गप्प असलेली जागा शोधतो आणि आपण काय हुकलों तें पाहतो. चित्रपटगृहांत मागचें पान उघडतां येत नाहीं.

तोटाही तितकाच ठळक आहे. एलायझाचा बाप, कचरा उचलणारा आल्फ्रेड डूलिट्ल, हा पुस्तकांतला फार मोठा वक्ता आहे. दान घेण्यास ‘पात्र’ अशा गरिबांचीच समाज दया करतो. ‘अपात्र’ गरिबालाही तितकीच भूक लागते, त्याचें काय, असा त्याचा युक्तिवाद पानेंच्या पानें चालतो, आणि हंसतां हंसतां वाचक अडचणींत येतो. दीड तासाच्या चित्रपटांत एवढ्या वक्तृत्वाला जागा कोठली? त्याचें बोलणें आंखूड झालें. नाटकांतला वाद कमी झाला कीं प्रणयाला जागा आपोआप मोकळी होते, मग ती कोणी मुद्दाम करो वा न करो.

आणि मग शेवट. शॉ यांनीं चित्रपटासाठीं एलायझा व फ्रेडी यांच्या दुकानाचा प्रवेश लिहून दिला होता. १९३८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या प्रेक्षकांनीं पाहिला तो शेवट निराळाच होता. एलायझा निघून गेल्यावर हिगिन्स घरीं येतो. रिकाम्या प्रयोगशाळेंत त्याचा हात ध्वनिमुद्रण-यंत्राला लागतो आणि पहिल्या दिवशींचा, त्या गबाळ्या फुलवालीचा आवाज खोलींत उमटतो. तो यंत्र थांबवतो. इतक्यांत तेंच वाक्य, त्याच गांवढळ उच्चारांत, पण जिवंत आवाजांत ऐकूं येतें: येण्यापूर्वीं हातपाय, तोंड धुऊन आलेंय. एलायझा दारांत उभी आहे.  हिगिन्स सपाता कोठें आहेत एवढेंच विचारतो, आणि चित्रपट संपतो.

कलाकृति म्हणून हा शेवट विलक्षण चतुर आहे. ते यंत्र शॉ यांच्याच नाटकांतलें, तोंड धुऊन आल्याचें वाक्य दुसऱ्या अंकांतलें, सपाता चवथ्या अंकांतल्या. बाहेरून कांहींच आणलेलें नाहीं. ट्री यांच्या गुच्छासारखा ढोबळपणा येथें नाहीं. शॉ यांनीं आपला शेवट छापील गद्याच्या कुंपणांत ठेवला होता, कारण गद्य हें पुस्तकाचें हत्यार. चित्रपटानें त्याला शह दिला तो आपल्या हत्यारानें, मुद्रित आवाजानें. जी मुलगी आतां जगांत उरलेलीच नाहीं तिचा आवाज एका फिरत्या यंत्रांतून ऐकूं येतो, हा प्रसंग कागदावर निम्मा मरेल.

पण त्या चातुर्याची किंमत एलायझानें दिली. पांचव्या अंकांत तिनें मिळविलेलें सर्व, स्वतः शिकवणी करून पोट भरण्याचा निश्चय, हिगिन्सला प्रथमच आलेली तिच्या बरोबरीची जाणीव, तें एका मिनिटांत परत गेलें. सपाता फेकून मारणारी स्त्री सपाता शोधण्यासाठीं परत आली. चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक तृप्त असतो, आणि तृप्तीमुळेंच पुढें काय हें विचारीत नाहीं. पुस्तक मिटणाऱ्या वाचकाच्या मनांत फ्रेडीविषयींची नाराजी, शॉ यांच्या हटवादीपणाविषयींची चीड आणि एलायझाविषयींचा आदर यांचें एक न सुटणारें कोडें राहतें. उपसंहार वाचून ‘हें लेखकानें आमच्यावर लादलें’ असें वाटणारे वाचक थोडे नाहींत; आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वी चूक आहे असेंही नाहीं. पात्रें खरोखर जिवंत झालीं असतील तर त्यांच्या पुढच्या संसाराचा हिशेब लेखकानें इतक्या पानांत मांडण्याचें कारण काय पडावें?

या चित्रपटाच्या पटकथेबद्दल शॉ यांना हॉलिवूडचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. नोबेल पारितोषिक त्यांना अगोदरच मिळालेलें होतें. हा नवा मान त्यांना गौरवापेक्षां अपमानच वाटला. त्यांनीं खरें उत्तर दिलें तें पुन्हां पुस्तकांतूनच. १९४१ सालीं ‘पिग्मॅलियन’ची नवी आवृत्ति निघाली. तींत नृत्यसमारंभाचा आणि इतर कांहीं चित्रपटीय प्रवेश नाटकांत समाविष्ट केलेले असून साध्या रंगभूमीवर ते गाळावेत अशी सूचना आहे. म्हणजे चित्रपटांतलें जें घेण्याजोगें तें त्यांनीं घेतलें. शेवट मात्र घेतला नाहीं. उलट तो अधिक घट्ट केला. या आवृत्तींत एलायझा गेल्यावर ती फ्रेडीशीं लग्न करणार, असें हिगिन्सच स्वतःच्या तोंडानें सांगतो आणि गडगडाट करून हंसतो. त्या हंसण्यावरच नाटक संपतें.

शॉ १९५० सालीं वारले. आपल्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून १९०८ सालीं झालेल्या संगीतिकेचा त्यांना इतका वीट आला होता कीं हयातींत त्यांनीं ‘पिग्मॅलियन’ला गाणीं लावूं दिलीं नाहींत. १९५६ सालीं न्यूयॉर्क येथें ‘माय फेअर लेडी’ रंगभूमीवर आली आणि १९६४ सालीं तिचा रंगीत चित्रपट निघाला. तिचे कर्ते शॉ यांचीं वाक्येंच्या वाक्यें जशींच्या तशीं ठेवून गेले; शेवट मात्र त्यांनीं पुस्तकांतून घेतला नाहीं, १९३८ च्या बोलपटांतून घेतला. हिगिन्स खुर्चींत रेलला आहे, एलायझा दारांत उभी आहे, आणि तो सपाता विचारतो आहे. तिकडे पुस्तकाच्या अखेरच्या पानांत ती फ्रेडीबरोबर दुकानाच्या गल्ल्याशीं बसलेली असते. विंपोल स्ट्रीटवरच्या त्या घरीं जाणें-येणें तिनें सोडलेलें नाहीं, पण हिगिन्सनें जरा कांहीं कमीजास्त बोलतांच ती त्याला फाडकन् उत्तर देते.